उसनी कॅसेट, सतरा गाणी

चाळीत वाढलेल्या माणसाला उसनवारी समजावून सांगावी लागत नाही. वाटीभर साखर, चहापत्ती, पाहुणे आले की जास्तीची ताटं, घरात आजारी माणूस असलं की गरम पाण्याची पिशवी. एका दारातून वस्तू निघायची आणि दुसऱ्या दारात जायची. वाटी परत येताना रिकामी येत नसे. ईदेला तिच्यात शीरखुर्मा असायचा, दिवाळीला चार चकल्या. ही सगळी देवघेव अम्मीच्या लक्षात असे, कागदावर कधी कुणी लिहिली नाही. आमच्या घरी आलेल्या एका उसन्या वस्तूचा हिशेब मात्र आजही पुरता फिटलेला नाही. ती वस्तू म्हणजे एक कॅसेट.

आम्ही म्हणजे तिघं भावंडं : भाईजान, आपा आणि हे लिहिणारी धाकटी. घर कोपरला, डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला. आज कोपर म्हटलं की लोकांना दोन मजली स्टेशन आठवतं, खालून कल्याणची लोकल आणि वरून दिवा-वसई गाडी. तीसेक वर्षांपूर्वीचं आमचं कोपर म्हणजे आगरी लोकांची जुनी घरं, त्यांच्या मधे उठलेल्या बैठ्या चाळी, पावसात गुडघाभर चिखल आणि रात्री दूरवरून येणारा मालगाडीचा आवाज. चाळीत आमचं एकच मुस्लिम घर होतं. अब्बा कारखान्यात कामाला, आम्ही तिघं उर्दू शाळेत, आणि खेळ, भांडण, उसनवारी सगळं मराठीत.

घरात टेपरेकॉर्डर होता, तोही रेडिओसकट, ज्याला तेव्हा सगळे टू-इन-वन म्हणत. त्यावर अब्बांच्या कव्वाल्या लागायच्या. अज़ीज़ नाज़ां, हबीब पेंटर, शंकर-शंभू. हाजी मलंगच्या उरुसाला जाऊन आलेलं कुणी नवी कॅसेट आणायचं. अज़ान सुरू झाली की टेप बंद, हा नियम होता आणि तो कुणी शिकवल्याचं आम्हाला आठवत नाही. हात आपोआप बटणाकडे जायचा.

दुसरं संगीत भिंतीपलीकडून यायचं. आगऱ्यांच्या लग्नात हळदीच्या रात्री बेंजो पार्टी असते. बुलबुलतरंगाला वीज जोडायची, तो आवाज भोंग्यातून सोडायचा, सोबत ढोल आणि ताशा. तार करवतीसारखी कापत जाते आणि तिच्यावर अख्खी आळी नाचते. पुढे आम्ही इलेक्ट्रिक गिटार ऐकली तेव्हा ती परकी का वाटली नाही, याचं उत्तर त्या बेंजोत आहे. आणि एक मुख्य आवाज, मागे साथीदार, टाळ्यांचा ठेका, एकच ओळ पुन्हा पुन्हा घेत वर चढवत नेणं, हे तर कव्वालीने आधीच कानात पेरून ठेवलं होतं. रॉक संगीत आमच्याकडे आलं तेव्हा जमीन नांगरून तयार होती, असंच म्हणावं लागेल.

कॅसेट दिली ती शेजारच्या आगरी घरातल्या थोरल्या दादाने. तो बेंजो वाजवायचा, रेडिओ दुरुस्त करायचा आणि मुंबईत नोकरीला असल्यामुळे फोर्टच्या फुटपाथवरून काहीबाही घेऊन यायचा. १९९१च्या नोव्हेंबरअखेरीला त्याच्याकडे एका इंग्रजी वर्तमानपत्राचं कात्रण होतं. क्वीन नावाच्या इंग्लिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबरला लंडनमध्ये वारला होता. वय फक्त ४५. एड्समुळे आपण आजारी असल्याचं त्याने जगाला सांगितलं ते मरणाच्या आदल्या दिवशी. दादाला त्या मरणापेक्षा कात्रणातल्या एका नावाने झपाटलं होतं. ते नाव पाचगणी.

फ्रेडीचं खरं नाव फारुख बुलसारा. पारशी कुटुंब, मूळचं गुजरातचं. वडील बोमी झांझिबारमध्ये ब्रिटिश सरकारच्या कचेरीत रोखपाल होते, आणि तिथेच ५ सप्टेंबर १९४६ रोजी फारुखचा जन्म झाला. आठ वर्षांच्या पोराला आईबापांनी बोटीने भारतात पाठवलं, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथे तो पियानो शिकला, तिथेच मित्र त्याला फ्रेडी म्हणू लागले, तिथेच पोरांनी मिळून ‘हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड काढला. १९६३ला तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि कुटुंबाला इंग्लंड गाठावं लागलं. म्हणजे जगाने ज्या आवाजाला डोक्यावर घेतलं, तो आपल्या सातारा जिल्ह्यातल्या वसतिगृहात फुटला होता. दादा म्हणाला, “आपल्या पाचगणीचा पोर हाय. ऐका. पण सांभाळून लावा, पट्टी गुंतली तर गेली समजा.”

कॅसेटवर नाव होतं ‘ग्रेटेस्ट हिट्स’. १९८१ साली निघालेलं, क्वीनच्या गाजलेल्या गाण्यांचं संकलन. इंग्लंडमध्ये आजवर सर्वांत जास्त खपलेला अल्बम हाच, सत्तर लाखांच्या वर. दोन बाजू मिळून सतरा गाणी. तेव्हा हा हिशेब आम्हाला ठाऊक नव्हता. आम्हाला एवढंच कळलं की सतरा गाणी सतरा वेगळ्या घरांतून आल्यासारखी आहेत. एकात सायकलच्या घंट्या वाजतात. एकात नुसता बास गिटारचा ठेका चालतो आणि पाय थांबत नाहीत. ‘समबडी टू लव्ह’मध्ये चर्चमधल्या गायकांसारखा समूह उभा राहतो, पण नीट ऐकलं तर ते तीनच गळे पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक रचलेले. आणि ‘वी विल रॉक यू’मध्ये तर बराच वेळ वाद्यच नाही. पायांचे धपके आणि टाळी, बस्स.

शब्द कळत नव्हते. आपाने एक वही केली. टेप थांबवायची, मागे घ्यायची, पुन्हा ऐकायची आणि जे ऐकू येईल ते उर्दू लिपीत लिहायचं. इंग्रजी गाणी उजवीकडून डावीकडे लिहिलेली ती वही दादाने पाहिली तेव्हा तो पोट धरून हसला, आणि मग गंभीरपणे म्हणाला की आता याचा अर्थही शोधा. शाळेतल्या इंग्रजी-उर्दू शब्दकोशाची पानं आम्ही त्या वर्षी जितकी उलटली, तितकी परीक्षेसाठी कधी उलटली नाहीत.

मग आलं ‘बोहेमियन रॅप्सडी’. १९७५चं गाणं, जवळपास सहा मिनिटांचं. रेडिओ इतकं लांब गाणं वाजवणार नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते इंग्लंडात सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि फ्रेडीच्या मृत्यूनंतर पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं. आधी संथ सूर, मग पियानो, मग मधे अचानक ऑपेरा, मग गिटारचा कडकडाट आणि शेवटी पुन्हा शांतता. त्या ऑपेराच्या गदारोळात एक शब्द स्पष्ट ऐकू येतो : बिस्मिल्ला.

पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दादी पलंगावर तसबीह फिरवत बसली होती. तिचा हात थांबला.

“कोण म्हणालं हे?”

“दादी, पारशी आहे. पाचगणीच्या शाळेतला.”

दादी थोडा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, “शेजारी चांगले असतील त्याचे.” आणि तसबीह पुढे सरकली.

दादीचं ते वाक्य आम्ही पुढे कैक वर्षं घरात वापरलं. झांझिबारसारख्या मुस्लिम वस्तीच्या बेटावर वाढलेल्या पारशी पोराच्या कानावर तो शब्द शेजारातूनच पडला असणार, हे आम्हाला मोठेपणी भूगोल वाचून सुचलं. दादीने ते बसल्या जागी ओळखलं.

अब्बांना मात्र ते इतकं सोपं नव्हतं. संगीताबद्दल आपल्या घराघरांत जो प्रश्न आहे, तो आमच्याही घरात होता. उलेमांमध्ये त्यावर मतभेद आहेत. इमाम ग़ज़ालींनी ‘इह्या’मध्ये समाअवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं, चिश्ती बुज़ुर्गांनी कव्वाली ऐकली, आणि वाद्यं नाजायज़ मानणारे आलिमही तितकेच थोर आहेत. अब्बा कव्वाली ऐकत, कारण तिच्यात नाव कुणाचं आहे ते त्यांना ठाऊक होतं. या गाण्यांत काय आहे ते ठाऊक नव्हतं. त्यांनी कॅसेट हिसकावली नाही. एका रविवारी वही घेऊन बसले आणि म्हणाले, “एकेक गाणं सांगा. काय म्हणतोय?” आम्ही शब्दकोशाच्या आधाराने सांगत गेलो. दोन गाण्यांवर त्यांनी मान हलवली, ती घरात लागणार नाहीत. बाकीची लागतील, पण नमाज़ आणि अभ्यास सोडून नाही, आणि आवाज भिंतीपलीकडे जाऊन नाही. त्या दिवशी थोडं चिडलो होतो आम्ही. आज स्वतः पालक झाल्यावर वाटतं, किती बाप असे बसतात? बंदी घालायला एक मिनिट लागतं. अब्बांनी अख्खी दुपार दिली.

कॅसेट महिन्याभरासाठी आणली होती. दादा मागत नव्हता, आम्ही देत नव्हतो, आणि असं करत १९९२चा डिसेंबर आला. नंतरच्या जानेवारीत मुंबई जळत होती. आमच्या आळीत कुणी बोट लावलं नाही, हे नमूद केलंच पाहिजे. पण चाळीत आपलं एकच घर, आणि रोज कानावर येणाऱ्या बातम्या. अब्बांनी ठरवलं की काही दिवस मुंब्र्याला मामूंकडे राहायचं. त्या काळात किती कुटुंबांनी तोच रस्ता धरला, आणि त्यातली किती परत फिरलीच नाहीत, हे मुंब्र्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. ते गाव तेव्हापासून कसं फुगत गेलं, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

निघताना एका ट्रंकेत कागदपत्रं, अम्मीचे दागिने, कपडे. अब्बांनी विचारलं, “शेजारच्यांची कॅसेट कुठे आहे?” भाईजान म्हणाला, राहू दे इथेच. अब्बा म्हणाले, “अमानत आहे. कुलपात ठेवून गेलो आणि घराचं काही झालं, तर त्याला काय सांगणार?” कॅसेट रुमालात बांधून ट्रंकेत गेली. ज्याला द्यायची तो दोन भिंतींपलीकडे होता, पण ते दिवसच असे होते की कुणाचं दार वाजवावं की नाही, हाही विचार पडत होता. पहाटे आम्ही बाहेर पडलो तेव्हा दादाच दारात उभा होता. ट्रंक त्याने उचलली आणि स्टेशनापर्यंत आणली. गाडी आली, तरी त्या ट्रंकेत त्याचीच वस्तू आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या तोंडून निघालं नाही.

मुंब्र्यात सहा आठवडे राहिलो. एका खोलीत अकरा माणसं. टेप नव्हता. आपाने वही आणली होती, ती आम्ही रात्री वाचायचो, मनातल्या मनात वाजवायचो. कुठे पियानो येतो, कुठे गिटार, कुठे टाळी. संगीत नीट ऐकायला आम्ही त्या सहा आठवड्यांत शिकलो असं आम्हाला वाटतं, जेव्हा ऐकायला काहीच नव्हतं. परत आल्यावर अब्बांनी स्वतः जाऊन कॅसेट दिली. दादाने ती फिरवून पाहिली, पट्टी ठीक आहे म्हणाला, आणि आठवड्याने आमच्या हातात एक कोरी कॅसेट भरून दिली. सतराच्या सतरा. अब्बांनी नको म्हटलेली दोनही त्यात होती. ती आली की आम्ही टेप पुढे पळवायचो.

त्या सतरा गाण्यांनी पुढच्या वाटा दाखवल्या. आधी मूळ अल्बम शोधले. मग ही माणसं कोण, हे शोधलं. गिटार वाजवणाऱ्या ब्रायन मेने आपली गिटार वडिलांबरोबर घरीच बनवली. १९६३ला सुरुवात केली, लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, स्प्रिंगा मोटरसायकलच्या, आणि पट्टीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. तीच गिटार तो आयुष्यभर वाजवत राहिला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तो खगोलभौतिकीत पीएच. डी. करत होता. बँड गाजला आणि ती अर्धी राहिली. २००७ साली, साठीत, त्याने ती पुरी केली. बास वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. कचऱ्यात मिळालेल्या सर्किटमधून त्याने अॅम्प्लिफायर बनवला आणि तो बँडने ध्वनिमुद्रणाला वापरला. हे वाचलं तेव्हा आम्हाला शेजारचा दादा आठवला, भोंग्याला वायरी जोडत बसलेला.

१९९७ला पाकिस्तानच्या जुनूनचा ‘आज़ादी’ इकडे आला आणि गिटारवर इक़बालचा कलाम ऐकून आपा नाचायचीच बाकी होती. त्यांचा गिटारवादक सलमान अहमद वैद्यकीची पदवी घेतलेला. १९९८ला जुनूनने भारतात दौरा केला. लेड झेपेलिन या इंग्लिश बँडच्या दोघांनी १९७२ साली मुंबईत येऊन इथल्या वादकांसोबत ध्वनिमुद्रण केलं होतं, ते २०१५ला बाहेर आलं, तेव्हा आम्ही तिघं तीन गावांत होतो आणि फोनवर एकमेकांना ऐकवत होतो. क्वीनच्या १९७८च्या ‘जॅझ’ अल्बमची सुरुवात ‘मुस्तफा’ या गाण्याने होते. त्यात पाक शब्द गंमतीसारखे येतात. ते आम्हाला रुचलं नाही आणि आम्ही ते लावत नाही. आवड असणं म्हणजे सगळंच गिळणं नव्हे, हे रविवारच्या त्या दुपारी अब्बांकडून शिकलो होतो.

धाकटी पुढे बी. एड. करून शिक्षिका झाली, उर्दू आणि मराठी शिकवते. वृत्तं शिकवताना मुलं कंटाळतात. तेव्हा बाक वाजवायला सांगायचं : धप, धप, टाळी. दोन लघु, एक गुरु. मराठीत याला स गण म्हणायचं, उर्दू अरूज़मध्ये फ़इलुन. मुलांना गाणं माहीत असतं, क्रिकेटच्या मैदानावर ऐकलेलं. गण त्यांना त्या दिवशी कळतो आणि विसरत नाहीत. मग त्यांना सांगता येतं की त्या गाण्यातले धपके लाकडी फळ्यांवर पाय आपटून काढले, आणि थोडी माणसं हजारोंच्या गर्दीसारखी वाटावीत म्हणून मेने आपलं भौतिकशास्त्र वापरलं.

संकलनाला काही जाणकार नाक मुरडतात. खरा रसिक पूर्ण अल्बम ऐकतो म्हणे. पण आपल्याकडे निवडीची परंपरा जुनी आहे. आवडलेले शेर उतरवून ठेवलेली बयाज़ प्रत्येक शौकीन घरात असे. ग़ालिबचा १८४१ला छापला गेलेला दीवानही निवडलेलाच आहे, कितीतरी शेर त्याने स्वतःच गाळले. आणि आपल्या मुलांच्या दप्तरातलं बालभारतीचं पुस्तक, मराठी असो की उर्दू, संकलनच तर असतं. एक धडा, एक कविता. त्यातून एखादं पोर लेखकाचं मूळ पुस्तक शोधत ग्रंथालयात जातं. सगळी जात नाहीत. पण जे जातं, त्याच्यासाठी तो धडा दार ठरतो. शिक्षकाचं काम दार उघडं ठेवण्याचं.

आता भाईजानबद्दल. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याने संगीत सोडलं. वाचून, आलिमांना विचारून, मनाशी ठरवून सोडलं. कुणावर लादलं नाही. आम्ही दोघी बहिणी ऐकतो, तो ऐकत नाही. तो घरी आला की स्पीकर बंद असतो, त्याने सांगावं लागत नाही, जसं अज़ानला कुणी सांगावं लागत नसे. तोही आपल्या भाच्यांच्या हेडफोनकडे पाहून तोंड वाकडं करत नाही. मागच्या रमज़ानमध्ये इफ्तारनंतर त्याच्या भाचीने विचारलं, “मामू, तुमचं सगळ्यात आवडतं गाणं कोणतं होतं?” आम्ही जरा घाबरलोच. तो म्हणाला, “पहिल्या बाजूचं पहिलं. दादीने ज्यावर तसबीह थांबवली होती ते.” आणि मग त्याने तिला ते गाणं न लावता, नुसतं सांगून ऐकवलं. आधी काय येतं, मग काय, मग कुठे सगळं शांत होतं. एकही भाग चुकला नाही.

आजच्या मुलांच्या हातात सगळ्या जगाची गाणी आहेत आणि उसनं घ्यायला कुणाचं दार वाजवावं लागत नाही. पुढचं गाणं कोणतं, ते यंत्र ठरवतं. यंत्र आवडीचं तेच पुन्हा देतं. शेजारचा दादा जे देतो ते कधी अंगाबाहेरचं असतं, आणि सोबत एक कात्रण, एक ताकीद आणि परत करायची जबाबदारीही देतो. आपल्या मुलांना त्यातलं काहीतरी मिळायला हवं. ती काय ऐकतात ते एखाद्या रविवारी विचारा. वही घेऊन बसा, अर्थ विचारा, नको वाटेल ते नको म्हणा, कारण सांगून म्हणा. आणि आपल्याकडचं एखादं गाणं, नज़्म, अभंग, पुस्तक शेजारच्या पोराला देऊन पाहा.

कोपरच्या त्या चाळीच्या जागी आता इमारत आहे. दादा डोंबिवलीतच असतो, त्याच्या मुलाची ध्वनिव्यवस्थेची गाडी आहे, हळदीला अजून बेंजो वाजतो. ईदेला त्याच्या घरी डबा जातो. कधीच रिकामा परत येत नाही.